ल्युकेमिया, एक गोळी आणि दिल्लीतला निकाल

दिल्लीत टिळक मार्गावर, आपल्या लोकमान्यांच्या नावाच्या रस्त्यावर, सर्वोच्च न्यायालय आहे. १ एप्रिल २०१३ रोजी तिथे न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने एका औषधाबद्दल निकाल दिला. वकिलांच्या दृष्टीने तो पेटंटचा खटला होता. ल्युकेमियाच्या अनेक रुग्णांना मात्र एकच प्रश्न होता : पुढच्या महिन्याची गोळी परवडेल का? तो प्रश्न एवढा मोठा का होता, हे कळण्यासाठी आधी आजार समजून घेऊ.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतं. ल्युकेमियात तिथे सदोष पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींची जागा अडवतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की थकवा येतो, धाप लागते. प्लेटलेट कमी झाल्या की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात. संसर्गाशी लढणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत की पुन्हा पुन्हा ताप येतो. तीव्र प्रकारचा ल्युकेमिया काही आठवड्यांत माणसाला झोपवतो. दीर्घकालीन प्रकार मात्र वर्षानुवर्षं दबा धरून बसतो.

आपला खटला दीर्घकालीन प्रकारातल्या ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ म्हणजे सीएमएलचा. यात प्लीहा वाढल्यामुळे पोटात डावीकडे जड वाटतं, वजन घटतं. कित्येकदा तर दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं जातं आणि पांढऱ्या पेशी लाखावर निघतात. त्या एका कागदाने घर हादरतं.

या आजाराचं मूळ १९६० साली हाती लागलं. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी त्याचं कारण दाखवलं : ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या चुकीच्या जोडातून असं एक प्रथिन तयार होतं, जे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देतच राहतं. नळ बंदच होत नाही, असं समजा.

तो नळ बंद करणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आधी सीएमएलचे बहुतेक रुग्ण निदानानंतर काही वर्षंच जगत. पुढे एका मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. पण गोळी रोज घ्यावी लागते, तीही वर्षानुवर्षं. म्हणजे औषधाची किंमत हाही आजाराचाच एक भाग झाला.

आता कायद्याकडे येऊ. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. म्हणून आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधांनाही पेटंट देणं भाग पडलं. तेव्हा संसदेने कायद्यातलं कलम ३(ड) बदललं : जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं, पण त्याची परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट नाही.

नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्येच इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात अर्ज केला होता. २००३ मध्ये तिला विक्रीचे खास हक्क मिळाले आणि काही भारतीय कंपन्यांना आपली गोळी विकण्यास मनाई झाली. मूळ औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होता, तर जेनेरिकचा साधारण ८,००० ते १०,०००. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने या अर्जाला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३(ड)ला दिलेलं आव्हान फेटाळलं. २००९ मध्ये अपील मंडळातही कंपनीला पेटंट मिळालं नाही, आणि वाद दिल्लीत आला.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. भारतातल्या हजारो रुग्णांना ती ही गोळी मोफत देत होती. संशोधनाला मोबदला मिळाला नाही तर नवी औषधं येणार कुठून, हा तिचा प्रश्नही खोटा नाही. पण मोफत मिळणारी गोळी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती बाजारात परवडणाऱ्या दरात मिळाली, तर रुग्णाला कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

न्यायालयाने म्हटलं, की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे आजार बरा करण्यातली परिणामकारकता. नवं रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, एवढ्यानेच उपचार अधिक गुणकारी ठरतो हे कंपनी दाखवू शकली नव्हती. अपील फेटाळलं गेलं. लहानमोठ्या सुधारणांना पेटंटच नाही, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही.

जेनेरिक गोळी बाजारात राहिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ही गोळी सगळ्या ल्युकेमियांवर चालत नाही, तीव्र प्रकारांचे उपचार वेगळे आणि जास्त कठीण असतात. सीएमएलच्या रुग्णांनीही बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने सोडू नये, कारण नळ पुन्हा सुरू होऊ शकतो.

मंडळी, प्रयोगशाळेने हा आजार रोजच्या एका गोळीपर्यंत आणून ठेवला. ती गोळी सामान्य घरातल्या डब्यापर्यंत पोचावी, यासाठी संसदेतलं एक कलम, मुंबईतली एक संस्था आणि दिल्लीतलं एक न्यायालयही लागलं. औषधांचा इतिहास वाचताना हा दुसरा अर्धा भागही वाचायला हवा. पुन्हा भेटू.