अग्निप्रतिबंध व अग्निसुरक्षा

आग लागू नये म्हणून घरात वा कामाच्या ठिकाणी आधीच योजलेल्या उपायांना अग्निप्रतिबंध, तर लागलेल्या आगीतून जीवित व मालमत्ता वाचविण्याच्या व्यवस्थेला अग्निसुरक्षा म्हणतात. ज्वलनासाठी इंधन, ऑक्सिजन आणि पुरेशी उष्णता ही त्रयी, म्हणजेच अग्नित्रिकोण, जुळून यावी लागते. हवेतील सु. २१ टक्के ऑक्सिजन वगळता येत नसल्याने प्रतिबंधाचा मुख्य भर इंधन व उष्णता यांना परस्परांपासून दूर ठेवण्यावर असतो.

घरगुती सिलिंडरमधील प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण मुळात गंधहीन असल्याने गळती कळावी यासाठी त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नळाने येणारा, मुख्यतः मिथेन असलेला वायू हलका असल्याने छताकडे चढतो. वास येताच शेगडी व रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण मात्र चालू वा बंद करू नये, कारण त्यातून उडणारी ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. सिलिंडरच्या गळतीची सूचना १९०६ या क्रमांकावर देता येते. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी ओतणे घातक असते, कारण पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. म्हणून शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे. विजेची आग बहुधा सैल जोड, जीर्ण तारा किंवा एकाच प्लगवर टाकलेला अवाजवी भार यांमुळे लागते. भार वाढताच प्रवाह तोडणारा एमसीबी आणि गळता प्रवाह ओळखणारा आरसीसीबी यांची कामे भिन्न असल्याने दोन्ही बसविणे आवश्यक आहे.

आगीत ज्वाळांइतकाच, अनेकदा अधिक, घातक धूर असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनशी बद्ध होऊन शरीराचा ऑक्सिजनपुरवठा तोडतो. मुंबईतील कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीतील १४ मृतांपैकी बहुतेक गुदमरूनच दगावले. म्हणून धुरात वाकून, जमिनीलगत राहून बाहेर पडावे, लिफ्ट टाळून जिना वापरावा आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जिन्यात अडगळ ठेवणे वा बाहेर पडण्याच्या दारास कुलूप घालणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळणे होय.

ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ एकत्र साठविण्याचे परिणाम १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दिसले. कापूस व स्फोटके वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील आगीतून झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार या कायद्याखालील इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने, म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्याने, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैत सादर करावयाचे असते. तथापि प्रमाणपत्राने जबाबदारी संपत नाही: अग्निशामक नळकांडे हाताशी असूनही पिन ओढून त्याचा झोत आगीच्या बुडाशी रोखावयाचा असतो हे कोणालाच ठाऊक नसेल, तर ते निरुपयोगी ठरते. त्यामुळे नियमित सराव हा अग्निसुरक्षेचा अनिवार्य भाग आहे.