शेळी-मेंढीची देवी, गाईचा लम्पी आणि ‘मावा’ : दावणीला जनावर असेल तर एवढं माहीत हवं

बकरी ईदच्या महिना-दीड महिना आधीपासून आपल्या मोहल्ल्यांत बकरे बांधलेले दिसू लागतात. मग एक प्रश्न हमखास येतो : बकऱ्याच्या तोंडावर फोड आलेत, हे काय आहे? मुलांना होईल का? कुर्बानीला चालेल का? याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण असे फोड आणणारे आजार एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचा स्वभावही वेगळा आहे.

माणसाची देवी, म्हणजे उर्दूत ज्याला चेचक म्हणतात ती, लसीकरणामुळे जगातून गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. पण त्या विषाणूचा खानदान मोठा आहे आणि त्यातले बरेच विषाणू जनावरांमध्ये अजून फिरत आहेत. (कांजिण्या मात्र या खानदानातल्या नाहीत. त्यांचा विषाणू वेगळ्याच कुटुंबातला आहे. शाळेत मुलं नेहमी इथेच गोंधळतात.) मेंढीची देवी, शेळीची देवी आणि गाई-बैलांचा लम्पी या तिघांचे विषाणू सख्खे भाऊ म्हणावेत इतके सारखे आहेत. म्हणूनच लम्पी आला तेव्हा आपल्याकडे गाईंना शेळीच्या देवीची लस टोचली गेली आणि ती कामाला आली.

शेळ्या-मेंढ्यांना देवी झाली की आधी ताप येतो. नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, जनावर चारा सोडतं. एक-दोन दिवसांत जिथे केस कमी असतात तिथे लाल पुरळ उठतो : ओठ, नाकपुड्या, पापण्या, कान, कास, शेपटीखाली, मांडीच्या आत. पुरळाच्या कडक गाठी होतात आणि मग खपल्या धरतात. बाहेर दिसतं तेवढाच आजार नसतो, फुप्फुसातही गाठी होतात. धाप लागली की जनावर हातचं जायची वेळ आली समजा. मोठी जनावरं बरीच वाचतात, पण कोकरं आणि करडं फार मरतात. हा आजार श्वासातून, लाळेतून आणि खपल्यांतून पसरतो. गळून पडलेल्या खपल्यांत विषाणू काही महिने जिवंत राहतो. त्यामुळे आजारी शेळी विकून टाकली म्हणजे गोठा साफ झाला असं होत नाही.

‘मावा’ वेगळा. तोही देवीच्याच खानदानातला, पण दूरच्या शाखेतला. यात फोड आणि जाड खपल्या मुख्यतः ओठांवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांत येतात, अंगभर नाही. ताप फारसा नसतो. मोठं जनावर तीन-चार आठवड्यांत आपोआप बरं होतं. खरे हाल पिलांचे होतात, कारण तोंड दुखतं म्हणून दूध ओढता येत नाही. शिवाय त्यांच्यामुळे आईच्या सडांवर फोड येतात, मग ती पाजू देत नाही. अशा पिलाला बाटलीने दूध पाजावं लागतं, नाहीतर ते भुकेनेच जातं.

आता मुलांबद्दल. देवी आणि लम्पी माणसाला होत नाहीत. मावा मात्र होतो. बकऱ्याच्या तोंडाला हात लावणाऱ्याच्या, बाटली पाजणाऱ्याच्या किंवा कसाईकाम करणाऱ्याच्या बोटावर एखादी लालसर, दुखरी गाठ येते. ती सहसा महिना-दीड महिन्यात जाते. पण ती फोडू नये, झाकून ठेवावी आणि डॉक्टरला दाखवताना ‘घरात बकरा आहे’ हे सांगावं, म्हणजे उगाच भलते उपचार होत नाहीत. मुलं बकऱ्याला हाताने चारा भरवतात, गळ्यात पडतात. तोंडावर खपल्या असतील तर हे बंद करा आणि साबणाने हात धुवायला लावा. म्हशीच्या सडांवर येणारी देवीही दूध काढणाऱ्याच्या हातावर उतरते, तिथेही हीच काळजी.

लम्पीची पहिली नोंद १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२२ च्या पावसाळ्यात गुजरात, राजस्थानसह महाराष्ट्रात पसरला. आपल्याकडे त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या आल्या, पुढच्या महिन्यात जनावरांचे बाजार बंद झाले. हा मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, म्हणून पावसाळ्यात जोर धरतो. अंगभर गाठी, पाय सुजणं, दूध आटणं, गाभ टाकणं ही लक्षणं. त्या वेळी दूध पिऊ नका असे मेसेज मोबाइलवर धडाधड फिरले आणि दोन-चार गाईंवर घर चालवणाऱ्यांचा धंदा बसला. उकळलेल्या दुधाने लम्पी होत नाही. मात्र अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं दूध किंवा मांस डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत वापरू नये.

विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टर ताप उतरवतात, जखमा चिघळू नयेत म्हणून औषध देतात, बाकी जनावराची ताकद. खरा इलाज लस. पण ती टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. ईदच्या चार दिवस आधी आणलेल्या बकऱ्याला लस देऊन उपयोग नाही, आणि आजारी जनावराला तर ती देऊच नये.

बाजारात बकरा घेताना लोक दात बघतात, शिंगं बघतात. ओठ उलटून, कानाच्या आत, शेपटीखाली आणि मांडीत बघणारे कमी. ते बघा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्या जनावरांपासून लांब बांधा, भांडीही वेगळी ठेवा. ज्याचा आजार उघड दिसतो ते जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अंगात ताप आणि पुरळ असलेला बकरा त्यातच आला. फोड सुकून नुसते डाग राहिले असतील तर जनावरांच्या डॉक्टरचं मत घ्या आणि मग आपल्या इमामसाहेबांना विचारा.

संशय आला तर लपवू नका. देवी आणि लम्पी कळवणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल-फ्री नंबर, दोन्हीकडे सांगता येतं. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत सरकारने जाहीर केली होती. अशी मदत मागायची तर डॉक्टरांचा पंचनामा लागतो. म्हणून जनावर पुरण्याआधी दवाखान्यात कळवा.