कोल्हापूरचा तरुण राजा आणि वेडाची लाज

टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या बातम्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापल्या, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, शिक्षा झाली. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले. मराठी पत्रकारितेच्या इतिहासातले हे मानाचे पान आहे. ज्या तरुणावरून हे सारे घडले, तो मात्र या कहाणीत फार थोडा वेळ दिसतो. त्याचे वय तेव्हा १९ होते.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. पुढच्या वर्षी भोसले कुळातला आठ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला गेला आणि चौथे शिवाजी म्हणून गादीवर आला. संस्थानाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होता. मुलाचे शिक्षण, त्याचे नोकर, त्याने कोणाला भेटावे, सगळेच इतरांच्या हाती. विशीत पोहोचण्याआधीच महाराजांच्या मनावर परिणाम झाल्याची चर्चा सुरू झाली. सरकारने त्यांना कारभारास असमर्थ ठरवले आणि १८८२ साली कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले.

पुण्यात ही बातमी पोहोचली ती रोगाची म्हणून नव्हे, कारस्थानाची म्हणून. महाराज चांगले आहेत, त्यांना वेडे ठरवण्यात येत आहे, मुद्दाम त्रास देऊन त्यांचे डोके फिरवण्यात येत आहे, असा सूर लागला. बर्व्यांची म्हणून काही पत्रे हाती आली, ती छापली गेली आणि न्यायालयात बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची साधी कैद झालीच. या प्रकरणात सगळा महाराष्ट्र त्यांच्या पाठीशी उभा राहिला. जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी मदतनिधीसाठी नाटक केले, त्यात पुढे नामदार झालेले गोपाळ कृष्ण गोखलेही होते. मतभेदांनी दुभंगलेली माणसे एकत्र यावीत इतकी ही हाक जिव्हाळ्याची होती.

त्या तरुणाला नेमके काय झाले होते, हे आज जवळजवळ दीडशे वर्षांनी ठरवायला बसणे बरोबर नाही. तो आजारी असेल, त्याला त्रास दिला गेला असेल, किंवा दोन्ही खरे असेल. आजारी माणसाचाच छळ करणे सगळ्यांत सोपे असते. पण दोन्ही बाजूंची भाषा तपासली की एक गोष्ट ठळक दिसते. सरकारच्या लेखी ‘वेडा’ म्हणजे अधिकार काढून घेण्यास पात्र. राजनिष्ठ रयतेच्या लेखी ‘वेडा’ म्हणजे राजाचा अपमान, म्हणून तो वेडा नाहीच. राजाची अब्रू राखायची तर आजार नाकारणे भाग होते. राजा आजारी आहे आणि तरीही तो आपला राजा आहे, त्याला उपचार हवेत आणि मानही हवा, असे म्हणायला त्या वादात जागाच उरली नव्हती. महाराष्ट्रातल्या वेडाच्या लाजेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या कोंडीपासून करायला हवी, कारण असंख्य साध्या घरांत पुढे हीच कोंडी होत राहिली.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. त्यांच्या दिमतीला ग्रीन नावाचा गोरा शिपाई होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीनबरोबर झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. ते २० वर्षांचे होते. हा खूनच, अशी लोकांची खात्री झाली आणि ती अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. मनाने अस्वस्थ असलेल्या तरुणाजवळ चोवीस तास राहायला वैद्य नेमला गेला नाही, परिचारक नाही, नेमला गेला तो सैनिक. केवळ एवढी एक नेमणूक पाहिली तरी त्या काळी वेडाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते ते समजते. पुढच्याच वर्षी कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक आला. तेच राजर्षी शाहू. त्यांच्या तेजात आधीचा तरुण राजा झाकोळून गेला.

याच्या सुमारे सत्तर वर्षे आधी असाच एक प्रसंग मराठी राजकारणाने पाहिला होता. इंग्रजांना जेरीस आणणारे यशवंतराव होळकर भानपुऱ्याला तोफा ओतण्याच्या कारखान्यात रात्रंदिवस राबत होते. १८०८ च्या सुमारास त्यांचे भान सुटू लागले. माळव्याचा वृत्तान्त लिहिणाऱ्या माल्कमने नोंदवले आहे, की त्यांना दोरांनी बांधून ठेवावे लागे. त्यांच्या सहचारिणी तुळसाबाई यशवंतरावांच्या नावाने कारभार पाहू लागल्या. १८११ साली ते गेले. येथे कोणी न्यायाधीश बसला नाही, कोणी ठराव केला नाही. जवळच्यांनी बांधले, जवळच्यांनीच भरवले, आणि नाव अखेरपर्यंत त्यांचेच चालले. त्यात दया होती असे नाही. दोर तो दोरच. पण वेडा ठरल्यामुळे माणूस कागदावरून पुसला जावा, हे अजून व्हायचे होते.

ते १८५८ साली झाले. त्या वर्षी वेडाविषयीचे तीन कायदे एकापाठोपाठ आले. वेड्याच्या मालमत्तेचे काय करायचे ते त्यांपैकी एकाने ठरवले. दुसऱ्याने, म्हणजे १८५८ च्या ३६ व्या कायद्याने, रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांवर सोपवले. गुन्हेगार आणि रुग्ण एकाच वाटेने, त्याच शिपायाच्या हाताला धरून जाऊ लागले. मुंबईत कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ आधीपासून होते. पुढे नागपूर, रत्नागिरी, पुणे आणि १९०१ साली नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्याला अशी इस्पितळे झाली. येरवड्याला तर तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ शेजारी-शेजारी आले. उंच भिंती, फाटक, पहारा, मोजणी: बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक कळावा तरी कसा? पुण्यात ‘येरवडा’ आणि मुंबईत ‘ठाणे’ ही नावे भांडणात तोंडावर फेकायची झाली. ‘त्याला येरवड्याला टाकलाय’ हे वाक्य घरात दबक्या आवाजातच बोलले जाई.

पुढे १९१२ चा कायदा आला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला. त्याची जागा घेणारा कायदा संसदेने १९८७ साली केला आणि तो १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. स्वातंत्र्यानंतरची ४५ वर्षे स्वतंत्र देशातल्या मनोरुग्णाचा दर्जा गोऱ्या सरकारने ठरवल्याप्रमाणेच होता. त्याच १९९३ साली मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे. हे सांगण्यासाठी न्यायालयाला निकाल द्यावा लागला, म्हणजे तोवर तसे राजरोस होत होते. ज्यांच्यासाठी ही याचिका होती ती बंगालच्या तुरुंगांतली माणसे आरोपी नव्हती. ती फक्त आजारी होती.

भिंतीबाहेरचे जग तरी जास्त दयाळू होते का? या समाजाने एका प्रकारच्या वेडाला डोक्यावर घेतले. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू हसत, रुसत, मुलांसारखे खेळत, कोणाच्याही घरात शिरून खात. लोक त्यांना वेडे म्हणत आणि महानुभावांनी त्यांना परमेश्वराचा अवतार मानले. शेगावला गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. त्याच वागण्याचा साधा शेतमजूर मात्र देवऋषाकडे ओढत नेला जाई. ‘बाहेरचं झालंय’ म्हटले की घराची अब्रू थोडी वाचे, कारण दोष भुताचा होतो, कुळाचा नव्हे. गाणगापूर असो, बुलढाणा जिल्ह्यातला सैलानीचा दर्गा असो, तेथे माणसे नेण्यामागे श्रद्धेइतकीच ही सोय असते, हे समजून घेतल्याशिवाय नुसते ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवण्याने काही साधत नाही. पण त्या वाटेवर काय सोसावे लागे, त्याची यादी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर झालेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतच आहे: दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे. कायदा करणाऱ्यांनी ही यादी कल्पनेने लिहिलेली नाही.

१९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीला वेड्यांसाठी एक आश्रम उघडला. रस्त्यावरची, टाकून दिलेली माणसे तेथे आणली जात आणि बाबा त्यांना स्वतःच्या हातांनी आंघोळ घालत. त्यामागचा हेतू आध्यात्मिक होता, वैद्यकीय नव्हता, आणि तो आश्रम फार काळ चालला नाही. पण ज्यांना शिवायला लोक धजत नव्हते त्यांच्या अंगावर पाणी घालणारा हात या मुलखात होता, याची नोंद व्हायला हवी. पुढे १९८८ साली डॉ. भरत वाटवानी यांनी श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला, उपचारांनंतर तो पदवीधर निघाला, आणि त्यातून हे काम उभे राहिले. कर्जतच्या केंद्रातून हजारो माणसे आपापल्या गावी परत गेली. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

लाजेचे खरे ठाणे मात्र लग्नाच्या बैठकीत असते. ‘घराण्यात कोणी तसे नाही ना?’ हा प्रश्न विचारला जातो म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत थोरल्या भावाचे औषध लपवले जाते, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवले जाते. कायद्यानेही या भीतीला बळ दिले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेड हे विवाहाच्या आड येणारे कारण होते. १९७६ साली त्यात अपस्माराचीही भर पडली. मिरगी येणे म्हणजे लग्नाला अपात्र असणे! ही तरतूद निघायला १९९९ साल उजाडले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की नुसते स्किझोफ्रेनियाचे निदान घटस्फोटाला पुरेसे नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावे लागेल. पण निकालपत्रे लग्नाच्या बैठकीत कोण वाचतो?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोल्हापुरात अडकलेली गाठ प्रथमच नीट सोडवली. मानसिक आजार राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून ठरवता येणार नाही, आणि आजार आहे एवढ्यावरून कोणाला निर्णय घेण्यास असमर्थ मानता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यावर कोणत्याही कारणास्तव बंदी आली. तामिळनाडूतल्या एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून गेले, त्यानंतर सोळा वर्षांनी.

कायद्याच्या वीस वर्षे आधी पुण्यात एक वेगळी सुरुवात झाली होती. धुळ्याकडचे आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि ते तसे सांगत: मराठीत, सभेत, लेखात, नाव घेऊन. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटाला त्यांचेच पाठबळ होते. अतुल कुलकर्णी यांनी त्यात रंगवलेला शेष ना हास्यास्पद आहे, ना संत आहे, ना कोणाच्या कारस्थानाचा बळी. तो आजारी भाऊ आहे, आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण त्याच्या आजारासकट त्याला आपल्या घरी ठेवून घेते. त्या संस्थेत रुग्णांचे नातेवाईक नियमाने एकत्र बसू लागले आणि औषधाचे नाव, झोप न येण्याचा त्रास, भास कधी वाढतात, कामावर काय सांगायचे, हे एकमेकांना मोकळेपणाने विचारू लागले.