सारावाकमधील निबंध

बोर्निओच्या निसर्गाचे शास्त्रीय संशोधन म्हटले म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेसचे नाव प्रथम ओठांवर येते. १८५५ च्या फेब्रुवारीत, पावसाळी दिवसांत, सारावाक नदीच्या मुखाशी तो एका लहान घरात राहत होता. सोबतीला केवळ एक मलायी स्वयंपाकी. तेथेच त्याने निबंध लिहिला: प्रत्येक नवी जीवजाती तिच्याशी निकटचे नाते असलेल्या पूर्वीच्या जातीच्याच प्रदेशात व तिच्या पाठोपाठ अवतरते. सप्टेंबरात तो इंग्लंडात छापला गेला. पण सिद्धांत कशाला, वस्तुस्थिती गोळा करावी, असा तेथील काही निसर्गशास्त्रज्ञांचा सूर निघाला! परमुलखात काम करणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. निबंधाचे मोल जाणले ते कलकत्त्यात. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने डिसेंबरात पत्र लिहून डार्विनचे लक्ष त्याकडे वेधले.

वस्तुस्थितीतही वॉलेस उणा नव्हता. मार्चमध्ये तो सिमुनजानच्या कोळशाच्या खाणीवर गेला. तेथे रान तोडणे चालू होते आणि पडलेल्या ओंडक्यांवर भुंगेऱ्यांची झुंबड उडे. दायाक व चिनी मजुरांना तो दर कीटकामागे एक सेंट देई. जेमतेम चौरस मैलभर जागेत सुमारे १९०० जातींचे भुंगेरे त्याला लाभले. ही समृद्धी बव्हंशी कुऱ्हाडीची देणगी होती. १८६९ सालच्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने ते कारण स्वतःच नमूद केले आहे.