नवजन्म, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. पापाच्या अधीन असलेल्या माणसास ईश्वरी कृपेने याच आयुष्यात लाभणारे नवे आध्यात्मिक जीवन म्हणजे नवजन्म. मरणोत्तर दुसरा देह धारण करण्याची जी कल्पना भारतीय परंपरांत ‘पुनर्जन्म’ या शब्दाने व्यक्त होते, तिच्याशी याचा संबंध नाही. पाप व मृत्यू यांपासून होणाऱ्या सुटकेस ख्रिस्ती परिभाषेत ‘तारण’ म्हणतात.

संकल्पनेचा मुख्य आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील येशू व निकदेम नावाचा परूशी यांचा संवाद हा होय. तेथील मूळ ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम पहिलाच अर्थ घेतो आणि वृद्ध माणूस मातेच्या उदरात पुन्हा कसा शिरणार, असे विचारतो. येशूच्या उत्तरात पाणी व आत्मा या दोहोंचा उल्लेख येतो. नवजन्म बाप्तिस्म्याच्या संस्काराने होतो की आंतरिक श्रद्धेने, हा पुढील काळातील वाद या दोन शब्दांभोवतीच फिरत राहिला.

आद्य ख्रिस्तसभेने हे दोन्ही अभिन्न मानले. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर याने बाप्तिस्म्याचे वर्णन नवजन्म म्हणूनच केले आहे. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पेलेजिअसविरुद्धच्या वादात मूळ पापाचा सिद्धांत मांडला व अर्भकांनाही बाप्तिस्मा आवश्यक ठरविला. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) केवळ श्रद्धेने मनुष्य नीतिमान ठरतो असे प्रतिपादन केले, तरी बालबाप्तिस्मा सोडला नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये त्याचे मत अमान्य करून कृपेला मानवी सहकार्याची जोड दिली. याउलट झुरिकमधील काही सुधारकांनी जानेवारी १५२५ मध्ये प्रौढांना नव्याने बाप्तिस्मा दिला. या पुनर्बाप्तिस्मावाद्यांपैकी फेलिक्स मान्झ यास जानेवारी १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. शिक्षा देणारी नगरसभा स्वतः धर्मसुधारणेची पुरस्कर्ती होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अठराव्या शतकात वैयक्तिक अनुभवावर भर वाढला. अँग्लिकन धर्मगुरू जॉन वेस्ली (१७०३–९१) यास दीक्षेनंतर बऱ्याच वर्षांनी, २४ मे १७३८ रोजी, लंडनमधील ऑल्डर्सगेट मार्गावरील सभेत ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना तारणाची खात्री वाटली. बाप्तिस्मा व नवजन्म एक नव्हेत, असे त्याने पुढे प्रतिपादिले.

महाराष्ट्रात हाच भेद पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात स्पष्ट दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र लाभला नाही, ही जाणीव त्यांना काही वर्षांनी झाली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. हॅस्लमला स्वतःलाच व्यासपीठावरून प्रवचन देताना परिवर्तनाचा अनुभव आला होता. १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट उसळली.

कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्याच्याशी सहमत झाले. त्यायोगे ट्रेंटकालीन मतभेद बरेच निवळले. अर्भकांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र तसाच असून बॅप्टिस्ट मंडळ्या सामान्यतः तो ग्राह्य मानीत नाहीत.