ई-चालान चुकीचं वाटतंय? भरण्याआधी थांबा : गोंदियाकरांसाठी तक्रारीपासून कोर्टापर्यंतची माहिती

मोबाइलवर मेसेज येतो. गाडीचा नंबर आपला, दंड पाचशे, हजार किंवा त्याहून जास्त. घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, "भरून टाक रे, कोण कोर्टात जाईल!" दुसरा म्हणतो, "राहू दे, काही होत नाही." आमच्या मते ही दोन्ही मतं घाईची आहेत. चूक आपली नसताना दंड भरला तर आपण गुन्हा मान्य केल्यासारखं होतं. आणि चालान तसंच पडू दिलं तर ते गाडी विकताना, नावावर करताना किंवा कोर्टाची नोटीस आल्यावर पुन्हा समोर उभं राहतं.

तिसरा रस्ता कायद्यानेच दिलेला आहे. चालान मान्य नसेल तर तक्रार करता येते आणि न्यायालयात "गुन्हा कबूल नाही" असं सांगता येतं. ज्यांचं घर ऑटो, पिकअप, ट्रक किंवा फेरीच्या मोटारसायकलवर चालतं, त्यांच्यासाठी प्रश्न फक्त दंडाचा नसतो, लायसन्सचाही असतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी मेसेज खरा आहे का ते पाहा

व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमचं चालान आलं आहे" म्हणून एपीके फाइल पाठवण्याची फसवणूक सध्या जोरात आहे. फाइल उघडली की मोबाइलचा ताबा जातो आणि बँक खातं रिकामं होतं. लक्षात ठेवा, चालान पाहण्यासाठी कुणी पाठवलेली फाइल उघडायची गरज नसते. महाराष्ट्रातलं चालान महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा त्यांच्या ई-चालान पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून स्वतः पाहता येतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

आपला जिल्हा सीमेवरचा आहे. एमएच ३५ ची गाडी आज बालाघाटला, उद्या राजनांदगावला, परवा नागपूरला जाते. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधलं चालान असेल तर केंद्राच्या परिवहन ई-चालान पोर्टलवर शोधा. चालान कुठल्या राज्याचं, कुठल्या शहराचं, हे आधी कळलं पाहिजे, कारण प्रकरण साधारणपणे जिथे गुन्हा घडल्याचं म्हटलंय तिथल्याच न्यायालयात चालतं.

चालान नीट वाचा

या पाच गोष्टी कागदावर लिहून काढा : तारीख आणि वेळ, ठिकाण, कलम, रक्कम, आणि चालान मान्य करण्याची किंवा त्यावर हरकत घेण्याची दिलेली मुदत. मुदतीचे नियम बदलत राहतात, म्हणून शेजाऱ्याच्या वेळी किती दिवस होते ते विचारू नका, आपल्या चालानवरची मुदत पाहा. मग फोटो उघडा. नंबर प्लेट स्पष्ट दिसते का? गाडीचा रंग, मॉडेल आपलंच आहे का? जो गुन्हा लिहिलाय तो फोटोत दिसतो का? चालान आणि फोटो दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कुठल्या कारणावर दाद मागता येते?

"पोलिसांनी मुद्दाम केलं" हे कारण टिकत नाही. कागदावर दाखवता येईल असं कारण लागतं. नेहमी दिसणारी कारणं अशी :

१) गाडी आपली नाहीच. समजा, तुमची स्कूटी दिवसभर गोंदियात दुकानासमोर उभी होती आणि चालान पुण्याचं आलं. नंबर वाचण्यात चूक झाली असेल किंवा कुणी तुमचा नंबर लावून फिरत असेल. फोटोतली गाडी आणि आरसीवरचं मॉडेल, रंग जुळत नसेल तर हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. नंबरची नक्कल झाल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

२) कागद होते, पण ऑनलाइन दिसले नाहीत. विमा चालू असूनही नोंद अपडेट नसल्यामुळे चालान येऊ शकतं. त्या तारखेला वैध असलेली पॉलिसी हाच पुरावा. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ग्राह्य आहेत.

३) गाडी विकली होती. इथे आपल्या लोकांची मोठी गफलत होते. ओळखीत गाडी विकतात, पैसे घेतात, कागद "नंतर करू" म्हणतात. कायद्यात नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० ची प्रत नसेल तर नुसत्या तोंडी शब्दावर सुटका अवघड.

४) गाडी दुसरा कुणी चालवत होता. कलम १३३ नुसार चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. खरं नाव द्या. भावाला वाचवायला दुसऱ्याचं नाव दिलं की साधं प्रकरण गंभीर होतं.

५) कॅमेऱ्याच्या चालानमध्ये उणीव आहे. अशा उपकरणांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७ए हा नियम आला. उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, रस्त्यावर कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक हवा, फोटोत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट हवी, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम हवं. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी असंही त्यात म्हटलं आहे.

पहिली पायरी : तक्रार

थेट वकिलाकडे धावू नका. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. चालान क्रमांक, चार-पाच ओळींत मुद्दा, सोबत आरसी, पॉलिसी, फोटो. राग काढू नका, तारीख आणि पुरावा लिहा. जमलं तर तीच तक्रार जिल्हा वाहतूक शाखेत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. चालान दुसऱ्या जिल्ह्याचं असेल तर तिथल्या वाहतूक शाखेला पाठवा. चूक उघड असेल तर काम इथेच होऊ शकतं. नाही झालं तरी ही पोच पुढे कोर्टात दाखवता येते की आपण गप्प बसलो नव्हतो.

एक महत्त्वाची गोष्ट. दंड भरणं म्हणजे कलम २०० खालची तडजोड. ती झाली की प्रकरण संपतं. "आधी भरतो, मग भांडतो" असं साधारणपणे चालत नाही. लढायचं असेल तर भरण्याआधी ठरवा.

काटोलचं व्हर्च्युअल कोर्ट

महाराष्ट्रातल्या वाहतूक चालानसाठीचं व्हर्च्युअल कोर्ट आपल्या विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. प्रकरण तिकडे गेलं तर वेबसाइटवर मोबाइल क्रमांक, गाडीचा किंवा चालानचा नंबर टाकून आणि ओटीपी देऊन ते पाहता येतं. तिथे दोन पर्याय असतात : दंड मान्य करून भरणं, किंवा प्रकरण लढवायचं आहे असं नोंदवणं. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण संबंधित हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. घाईत चुकीचं बटण दाबू नका. घरातल्या पोराला मोबाइल देण्याआधी काय निवडायचं ते त्याला नीट सांगा.

तारखेला कोर्टात काय होतं?

समन्स आलं म्हणजे अटक होणार, असं नाही. पण तारीख चुकवणंही बरं नाही. गैरहजर राहिलं तर न्यायालय वॉरंट काढू शकतं. चालान गोंदिया जिल्ह्यातलं असेल तर प्रकरण गोंदियाच्या किंवा संबंधित तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येऊ शकतं. कलम २०८ खाली निघालेल्या समन्समध्ये स्वतः न जाता वकिलामार्फत हजर राहायची सोय असते.

न्यायाधीश आरोप वाचून विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" कबूल म्हटलं की दंड सांगितला जातो आणि त्यानंतर दोषावर अपील करायला जवळपास जागा उरत नाही. "कबूल नाही" म्हटलं तर गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. चालान करणारे पोलीस साक्ष देतात, त्यांना प्रश्न विचारता येतात, मग आपले कागद दाखवता येतात. आवाज चढवायचा नाही, सोपं आणि मुद्द्याचं बोलायचं.

फोटो किंवा व्हिडिओवर सगळं उभं असेल तर एक मुद्दा वकिलाला जरूर विचारा. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणजे निवडणुकीच्या वादातला मुद्दा आपल्या हेल्मेटच्या फोटोलाही लागू पडू शकतो.

चालान फार जुनं असेल तर मुदतीचा मुद्दाही पाहा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मर्यादा आहे. पण इथे प्रकरण न्यायालयात दाखल केव्हा झालं ते मोजलं जातं, आणि योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफही करू शकतं. म्हणून "सहा महिने झाले, आता चालान मेलं" असं समजून बसू नका.

हिशोब करून ठरवा

गोंदियाहून नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. पाचशेच्या चालानसाठी दोन-तीन चकरा, रोजीचं नुकसान आणि वकिलाची फी धरली तर लढाई महाग पडते. चूक आपलीच असेल तर सरळ भरा, त्यात कमीपणा नाही. पण चालानमुळे लायसन्सवर गदा येणार असेल, किंवा तुमच्या नंबरवर दुसरीच गाडी फिरत असेल, तर रक्कम लहान असली तरी दाद मागा. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

लायसन्सबद्दल एवढं ध्यानात ठेवा : कलम १९ खाली परवाना प्राधिकाऱ्याने लायसन्स निलंबित करण्याआधी आपलं म्हणणं ऐकायला हवं, आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. चूक मान्य आहे पण थकलेली रक्कम मोठी आहे, अशांसाठी राष्ट्रीय लोकअदालत हा मार्ग आहे. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

घरात आजच बोलायच्या तीन गोष्टी

पहिली, हेल्मेट. "मशीद तर जवळच आहे", "डोक्यावर टोपी आहे" ही कारणं कोर्टात चालत नाहीत. कलम १२९ मधली थेट सूट पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला आहे. मागे बसलेल्या अम्मी, आपा आणि चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, बुरखा किंवा स्कार्फ असला तरी. कलम १९४डी मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

दुसरी, ट्रिपल सीट. रमजानमध्ये तरावीहनंतर किंवा ईदच्या दिवशी पोरं एका गाडीवर तिघं निघतात. कलम १९४सी मध्येही १,००० रुपये आणि तीन महिन्यांची अपात्रता आहे.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी. कलम १९९ए नुसार मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. इथे "लाडका आहे" हे उत्तर नाही.

आमचं सांगणं एवढंच : चालान आलं की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. वाचा, फोटो पाहा, मुदत पाहा, मग ठरवा. आरसी, विमा, पीयूसी आणि गाडी विकल्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. वस्तीत कुणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर जुम्म्यानंतर अर्धा तास बसून मोहल्ल्यातल्या थोरांची चालानं तपासून द्यावीत. कुणाची नाहक भरायची रक्कम वाचेल, तर कुणाचं लायसन्स.