कंदुकपृष्ठाची भूमिती

भुसावळहून मुंबईकडे निघालेली गाडी जळगाव, पाचोरा मागे टाकून चाळीसगावास येते आणि तेथून दक्षिणेस, सातमाळ्याच्या पायथ्याशी, पाटण हे गाव लागते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या दृष्टीस आणलेला तेथील शके ११२८ चा शिलालेख म्हणजे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठास निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा दस्तऐवज असून, बाजारातील मालावर मठाचा हक्क किती, याची नोंदही त्यात मराठीत आहे. याच भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गोलाच्या पृष्ठास चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली, त्याचे फळ वर्तुळक्षेत्राच्या चौपट ठरविले, आणि पूर्वीचे ज्योतिषी लल्ल यांचे चुकीचे सूत्र ‘गोलाध्याया’त साधार खोडून काढले. जाळे किती लागेल हे आमच्या खानदेशात असे मान्यता पावले. ते सारख्या डोळ्यांचे कसे विणावे, हा प्रश्न मात्र कित्येक शतकांनंतर गोल्फचा चेंडू करणाऱ्या कारागिरांपुढे उभा राहिला.

तो खेळ मुंबईस १८४२ मध्येच रुजला होता, आणि तेथील खेळाडूंनी १८४५ साली सेंट अँड्रूजच्या मंडळास अर्पण केलेले पदक ‘बॉम्बे मेडल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळी चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून शिवलेली महागडी वस्तू. पुढे मलाया प्रांतातील गट्टापर्चा नावाचा चीक आला. हिंदुस्थानातून गेलेल्या विष्णुमूर्तीच्या वेष्टनातून तो प्रथम स्कॉटलंडात पोहोचला, अशी आख्यायिका सांगतात. त्या चिकाचा नवा, गुळगुळीत चेंडू लवकर खाली येई, आणि तोच मार खाऊन ओरखडला की दूर जाई, हे खेळणाऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या आधी ताडले. त्यावर हातोडीने खाचा पाडू लागले, मग साच्यातच उंचवटे कोरू लागले. आणि १९०५ साली लेस्टर येथील भिंगांचे कारखानदार विल्यम टेलर यांनी उंचवट्यांऐवजी खळगे योजून तो आराखडा स्वतःच्या नावे नोंदविला. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा पातळ थर खळबळतो, पृष्ठास अधिक काळ चिकटून राहतो, पाठीमागील भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि रोध सुमारे निम्म्यावर येतो.

परंतु गोलावर खळगे समान अंतराने मांडणे ही भूमितीची कठोर परीक्षा आहे. सपाट भूमीवर प्रत्येक खळग्याभोवती सहा शेजारी बसतात; गोलावर तसे सर्वत्र घडणे ऑयलरच्या सिद्धांतानुसार अशक्य, आणि शेजारी पाच वा सहाच ठेवायचे तर पाच शेजाऱ्यांची स्थाने नेमकी १२ असावी लागतात. दीर्घकाळ चाललेल्या अ‍ॅटी नावाच्या रचनेत अष्टफलकाच्या ८ त्रिकोणांत प्रत्येकी ४२, असे ३३६ खळगे असत. तिच्यात खळग्यांविना राहिलेली तीन महावृत्ते होती, त्यांपैकी एकावर साच्याच्या दोन अर्धांचा सांधा सुखाने बसे. पुढे विंशतिफलकाच्या २० त्रिकोणांची मांडणी आली, ती अधिक सम. पण तिच्या कडांतून असे एकही महावृत्त जात नाही, म्हणून सांध्यासाठी काही खळगे सरकवावे लागले. कारागिरांची ही तडजोड मला मोठ्या आदराची वाटते.

१९७० च्या दशकाअखेर पोलारा नावाच्या चेंडूवर मुद्दाम विषम खळगे पाडून उड्डाण आपोआप सरळ होईल अशी योजना केली गेली. तेव्हा अमेरिकेच्या नियामक संस्थेने १९८१ मध्ये चेंडूचे वर्तन गोलाप्रमाणे सर्व अंगांनी सम असलेच पाहिजे, अशी अट घातली; कज्जा न्यायालयापर्यंत गेला, आणि अट आजतागायत जारी आहे.